पडद्यावर काय लिहावे?

हल्ली कोणत्याही सभेस जावे, तर वक्त्याच्या आधी पडदा येतो. मंडळाची वार्षिक सभा असो, शिक्षकांचा प्रशिक्षणवर्ग असो, की एखाद्या दिवंगत साहित्यिकाची जन्मशताब्दी असो. प्रोजेक्टर लावणारा मुलगा तारांशी झटत असतो, भिंतीवर एक निळा चौकोन थरथरत असतो, आणि मग एकामागून एक स्लाइड सरकू लागतात. आठवीतल्या मुलांनाही आता 'पीपीटी' करून आणण्याचा गृहपाठ मिळतो आणि तो बहुधा आईवडिलांना रात्री जागून पुरा करावा लागतो. हे साधन कचेरीपुरते उरलेले नाही, ते घरात आले आहे. असे असूनही पडद्यावर काय लिहावे, किती लिहावे आणि काय लिहू नये, याचा विचार फारच थोडे लोक करतात. फळ्यावर कसे लिहावे हे अध्यापक विद्यालयात आम्हांला महिनोन् महिने शिकवले गेले होते. पडद्यावर कसे लिहावे हे मात्र कोणी कोणास शिकवल्याचे ऐकिवात नाही.

वस्तुतः प्रकाशाच्या साहाय्याने पडद्यावर चित्र उमटवून त्यासोबत बोलण्याची कला आपल्याला नवी नाही. कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी १८९० नंतरच्या दशकात 'शांबरिक खरोलिका' या भारदस्त नावाने असे खेळ केले. काचेच्या पट्ट्यांवर हाताने रंगवलेली चित्रे, मागे दिवा, पुढे पडदा, आणि सोबत निवेदन व संगीत. पट्ट्या चपळाईने बदलल्या की पात्रे हलल्याचा भास होई. चित्र काचेवर आणि कथा निवेदकाच्या मुखी, अशी स्वच्छ वाटणी त्यात होती. आजच्या स्लाइडने नेमकी हीच वाटणी मोडली.

ती कशी मोडली, हे समजण्यास थोडा इतिहास पाहावा लागतो. 'पॉवरपॉइंट' हे सॉफ्टवेअर १९८७ साली कॅलिफोर्नियातील 'फोरथॉट' नावाच्या छोट्या कंपनीने बाजारात आणले. रॉबर्ट गॅस्किन्स आणि डेनिस ऑस्टिन हे त्याचे प्रमुख कर्ते. त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने ती कंपनी एक कोटी चाळीस लक्ष डॉलरांस विकत घेतली. प्रारंभी हे साधन केवळ मॅकिंटॉश संगणकावर चाले आणि त्याचा हेतू ओव्हरहेड प्रोजेक्टरसाठी पारदर्शक कागद सुबक तयार करणे एवढाच होता. आमच्या पिढीतील शिक्षकांना तो प्रोजेक्टर आठवत असेल. त्यावर वक्ता हाताने लिही, म्हणून थोडेच लिही. संगणकाने लिहिण्याचे कष्ट वाचवले आणि लिहिण्यावरचा लगामही काढून घेतला. शिवाय नवी स्लाइड उघडावी, तर वर मथळ्याची एक चौकट आणि खाली ठिपके घातलेल्या ओळींची दुसरी चौकट आयती समोर येते. रिकामी चौकट दिसली की माणूस ती भरतो. ठिपक्याखाली उपठिपका, त्याखाली आणखी बारीक ठिपका, अशी उतरंड लागते, आणि अक्षरे पायरीपायरीने लहान होत जातात.

यात बिघडले काय, असे कोणी विचारील. बिघडले ते किती, हे दाखवणारे एक उदाहरण जगाच्या दप्तरी नोंदलेले आहे, आणि त्यात आपल्या देशातील कर्नालची एक मुलगी आहे.

१६ जानेवारी २००३ रोजी 'कोलंबिया' हे अवकाशयान अमेरिकेतील फ्लोरिडाच्या किनाऱ्यावरून उडाले. यानात सात जण होते. त्यांत कल्पना चावला एक. उड्डाणानंतर सुमारे ब्याऐंशी सेकंदांनी बाहेरच्या इंधनटाकीवरील फेसाच्या आवरणाचा एक तुकडा निखळला आणि यानाच्या डाव्या पंखावर आदळला. वजन म्हणाल तर जेमतेम पाऊण किलो. परंतु आदळण्याचा वेग ताशी आठशे किलोमीटरांच्या वर होता. दुसऱ्या दिवशी चित्रफिती तपासताना हा आघात ध्यानात आला. यान वर अवकाशात फिरत होते, सातही जण आपापल्या प्रयोगांत गढले होते, आणि खाली प्रश्न उभा राहिला: पंखास इजा झाली आहे काय? झाली असल्यास परतीच्या वाटेवरील भयंकर उष्णता तो सोशील काय?

बोइंग कंपनीच्या अभियंत्यांनी या प्रश्नाचा अभ्यास केला आणि आपले म्हणणे पॉवरपॉइंटच्या स्लाइडवर मांडले. त्यांपैकी एक स्लाइड पुढे कुप्रसिद्ध झाली. तिचा मथळा लांबलचक आणि संदिग्ध होता. त्याचा आशय असा, की चाचण्यांच्या माहितीचा आढावा घेता उष्णतारोधक फरशा भेदल्या जाण्याविषयीचे अनुमान सावधगिरीच्या बाजूला झुकलेले दिसते. घाईत असलेल्या अधिकाऱ्याने हे वाचले तर त्याला काय वाटेल? अनुमानच सावध आहे, म्हणजे काळजीचे कारण नाही. मथळ्याखाली ठिपक्यांची पाच-सहा पायऱ्यांची उतरंड होती. 'लक्षणीय' या अर्थाचा इंग्रजी शब्द त्या एकाच स्लाइडवर पाच वेळा आला होता, आणि दर वेळी त्याचा अर्थ निराळा होता. कोठे 'पुष्कळ', कोठे 'जीवघेणा', कोठे 'आवाक्याबाहेर'. घन इंच हे एकच माप तीन ठिकाणी तीन तऱ्हांनी लिहिले होते. आणि सर्वांत तळाशी, बारीक अक्षरांत, खरी गोष्ट होती. ज्या तुकड्यांवरून चाचण्या झाल्या त्यांचे आकारमान तीन घन इंच, आणि प्रत्यक्ष आघाताच्या हिशेबात धरलेले आकारमान एक हजार नऊशे वीस घन इंच.

वाचकहो, क्षणभर येथे थांबावे. तीन घन इंच म्हणजे मध्यम आकाराचा एक लाडू. एक हजार नऊशे वीस घन इंच म्हणजे पंधरा किलो तेलाचे जवळजवळ दोन डबे. लाडू आपटून पाहिला तेव्हा फरशी फारशी फुटली नाही, यावरून डबे आपटल्यास काय होईल हे सांगता येत नाही, इतकीच ती गोष्ट. प्रमाण सहाशे चाळीस पट. हे एक वाक्य मथळ्याच्या जागी असते, खाली एक इवलासा चौकोन आणि शेजारी एक भला थोरला चौकोन काढलेला असता, तर पुढे एकही शब्द लिहिण्याची आवश्यकता नव्हती. ते वाक्य तळाला गेले आणि मथळ्यात 'सावध' हा दिलासा राहिला.

२४ जानेवारीला वरिष्ठांच्या बैठकीत या अभ्यासाचे सार सांगितले गेले आणि विषय मागे पडला. १ फेब्रुवारीच्या सकाळी, उतरण्यास सुमारे सोळा मिनिटे उरली असताना, टेक्सासच्या आकाशात कोलंबियाचे तुकडे झाले. त्याच वर्षी जुलैमध्ये सॅन अँटोनिओ येथे चौकशीसाठी तसाच फेसाचा तुकडा पंखाच्या कडेवर डागून पाहण्यात आला. त्याने सुमारे सोळा इंच लांब-रुंद भगदाड पाडले. अॅडमिरल हॅरल्ड गेमन यांच्या अध्यक्षतेखालील चौकशी मंडळाचा अहवाल ऑगस्ट २००३ मध्ये आला. आलेख आणि आकृत्यांच्या शास्त्राचे येल विद्यापीठातील अभ्यासक एडवर्ड टफ्टी यांनी त्या स्लाइडचे केलेले विच्छेदन या अहवालात समाविष्ट आहे. ही स्लाइड वाचून एखाद्या वरिष्ठास ती जीवनमरणाच्या प्रश्नाविषयी आहे हे उमगले नसेल तर त्यात नवल नाही, असा मंडळाचा अभिप्राय पडला. आणि तांत्रिक निबंधांची जागा स्लाइडने घ्यावी या प्रघातावरच मंडळाने बोट ठेवले.

येथे न्यायाने बोलले पाहिजे. यान स्लाइडमुळे कोसळले नाही. ते भगदाडामुळे कोसळले. पंखाची छायाचित्रे दूरवरून काढून घ्यावीत अशी काही अभियंत्यांची विनंती होती, ती पुढे सरकली नाही. हा दोष संस्थेच्या स्वभावाचा. दोष वेळीच कळता तर त्या सात जणांना सोडवता आले असते की नाही, हा आणखी निराळा आणि बिकट प्रश्न. परंतु जे ठाऊक होते तेही सांगता आले नाही, एवढे मात्र त्या एका पडद्यावरून निश्चित दिसते.

याच्या सतरा वर्षे आधीची 'चॅलेंजर'ची दुर्घटना पुष्कळांना आठवत असेल. २७ जानेवारी १९८६ च्या रात्री, उद्या गारठा फार आहे, तेव्हा उड्डाण नको, असे रॉकेट बनवणाऱ्या कंपनीच्या अभियंत्यांचे म्हणणे होते. त्यांनी तेरा तक्ते फॅक्सने धाडले. त्या तेरांपैकी एकाही तक्त्यात आजवरच्या सर्व उड्डाणांचे तापमान आणि रबरी कड्यांची हानी एका आकृतीत समोरासमोर मांडलेली नव्हती. चौकशी आयोगाने ती मांडली तेव्हा दिसले, की सहासष्ट अंश फॅरनहाइट वा त्याहून उबदार असताना झालेल्या वीस उड्डाणांपैकी केवळ तिहींत कड्यांना त्रास झाला होता. त्रेसष्ट अंश वा त्याहून गार असताना झालेल्या चारही उड्डाणांत तो झाला होता. अभियंत्यांचा सल्ला त्यांच्याच कंपनीच्या वरिष्ठांनी फिरवला, म्हणून सारा दोष तक्त्यांवर टाकणे मला योग्य वाटत नाही. परंतु त्या रात्री युक्तिवाद हरला आणि दुसऱ्या दिवशी सात जण गेले. पुढे आयोगाचे सदस्य असलेले पदार्थवैज्ञानिक रिचर्ड फाइनमन यांनी रबराचा एक तुकडा चिमट्यात दाबून बर्फाच्या पाण्याच्या पेल्यात बुडवला आणि काढून दाखवला. थंडीने रबर आपला लवचिकपणा गमावून बसले होते. पडदा नाही, ठिपके नाहीत. पाण्याचा पेला आणि एक चिमटा.

आपल्या सभांमध्ये कोणाचे प्राण पणाला लागलेले नसतात, हे खरे. तरीही काहीतरी लागलेले असतेच. समजा, एखाद्या मंडळाचे जुने मराठी ग्रंथालय चालू ठेवावे की नाही यावर सभा आहे. चिटणीस पडद्यावर 'ग्रंथालय अहवाल' असा मथळा दाखवतात आणि खाली चाळीस ओळींचा जमाखर्च जसाच्या तसा चिकटवतात. मागच्या रांगेतील आजोबांना त्यातले अक्षरही लागत नाही. पंधरा मिनिटे आकडे वाचले जातात, माना हलतात, चहा येतो आणि ठराव संमत होतो. कशावर मत दिले हे कोणालाच ठाऊक नसते. त्याऐवजी मथळ्यातच 'पाच वर्षांत वाचक निम्मे झाले, पण बालविभागाचे वाढले' असे एक पूर्ण वाक्य लिहिले, आणि खाली दोन रेघा काढल्या, एक उतरणारी आणि एक चढणारी, तर सभा खरा प्रश्न विचारू लागेल. पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठातील मायकेल ॲली या अध्यापकांनी हीच पद्धत पुरस्कारिली आहे: वर विधान, खाली त्याचा पुरावा, आणि बाकीचे वक्त्याच्या तोंडून. पूर्ण वाक्य लिहावे लागले की आपल्याला नक्की काय म्हणायचे आहे हे आधी आपल्यालाच ठरवावे लागते. 'ग्रंथालय अहवाल' या दोन शब्दांना विचार करावा लागत नाही.

पडद्यावरचे वाचून दाखवणे हा तर सार्वत्रिक रोग. एका प्रशिक्षणवर्गात मी दोन दिवस असे वाचन ऐकले आहे. मार्गदर्शक महोदयांनी श्रोत्यांकडे पाठ फिरवली ती दुसऱ्या दिवशी प्रमाणपत्रे वाटतानाच वळवली. त्यांचा हेतू वाईट नव्हता. डोळ्यांनी आणि कानांनी दोन्हीकडून आले म्हणजे दुप्पट पोचते, अशी समजूत असते. कॅलिफोर्नियातील मानसशास्त्रज्ञ रिचर्ड मेयर आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या प्रयोगांत उलटेच आढळले. चित्र आणि बोलणे ही जोडी एकमेकांस साहाय्य करते. परंतु चित्र, बोलणे आणि तेच शब्द पडद्यावर अशी गर्दी झाली की समज घटते. माणूस बोलण्यापेक्षा भरभर वाचतो, म्हणून श्रोता पुढे जाऊन थांबतो, पुन्हा मागे येतो, आणि अखेरीस दोन्ही सोडून देतो.

एका स्लाइडवर सातच ओळी असाव्यात, असा एक नियम सांगितला जातो व त्यास जॉर्ज मिलर यांच्या १९५६ च्या प्रसिद्ध निबंधाचा आधार दिला जातो. तो आधार चुकीचा आहे. मिलर यांचा विषय होता तो क्षणिक स्मृतीत एका वेळी किती गोष्टी राहतात हा. पडद्यावरचे तर समोरच दिसत असते. ते लक्षात ठेवावे लागत नाही. सात ओळी हा आकडा पवित्र नाही. कधी एक ओळ पुरते, आणि कधी एक दाट पण नेटका नकाशा पाच मिनिटे पाहावासा वाटतो.

आता आपल्या लिपीकडे वळतो, कारण याविषयी इंग्रजी मार्गदर्शनात काहीच सापडत नाही, आणि महाराष्ट्राबाहेरच्या आपल्यासारख्यांना तर येथे पदोपदी अडखळावे लागते. स्लाइडचे आयते नमुने रोमन अक्षरांच्या मापाने केलेले असतात. देवनागरीत वर मात्रा, रफार, अनुस्वार आणि खाली उकार, ऋकार. म्हणजे ओळीस वर आणि खाली दोन्हीकडे जागा हवी. नमुन्यातील अंतर तसेच ठेवले तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीवर बसतो. ओळींमधील अंतर सव्वा ते दीड पट करावे. त्याच मापाचे देवनागरी अक्षर रोमनपेक्षा बहुधा लहान दिसते, म्हणून माप एक-दोन पायऱ्या चढवावे. ठळक करण्याचा मोह आवरावा. 'ष्ठ', 'द्ध', 'क्ष्म' ही जोडाक्षरे जाड केली की त्यांच्या पोटातील पोकळी बुजते आणि दुरून काळा डाग दिसतो. अक्षरांत अंतर टाकून मथळा पसरवू नये, शिरोरेषा तुटते. तिरपी देवनागरी तर डोळ्यांस खुपतेच. इंग्रजीत जे काम मोठी अक्षरे करतात ते आपल्याकडे एखाद्या रंगाने करावे, आणि तेही एका स्लाइडवर एकदाच.

हिंदी प्रदेशात टंकन करवून घेताना आणखी एक संकट येते. 'वाऱ्यावर', 'दुसऱ्या', 'तऱ्हा' यांतील तो वळणदार अर्धा र टंकन करणाऱ्यास ठाऊक नसतो. तो 'वार्यावर', 'दुसर्या' असे रफार देऊन मोकळा होतो. त्यासाठी खाली टिंब असलेला 'ऱ' हे स्वतंत्र अक्षर घेऊन त्यास हलन्त व पुढे य किंवा ह जोडावा लागतो. 'ल' आणि 'श' यांची मराठी वळणेही हिंदीहून भिन्न आहेत. काही फॉन्टांत भाषा 'मराठी' अशी निवडल्यास ती आपोआप येतात. 'मुक्त' किंवा 'नोटो' यांसारखे युनिकोड फॉन्ट विनामूल्य मिळतात आणि ते वापरावेत. जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टांत टंकलेला मजकूर दुसऱ्या संगणकावर गेला की त्याचे कडबोळे होते. एका सत्कारसमारंभात सत्कारमूर्तींच्या नावाच्या जागी रोमन अक्षरे आणि विरामचिन्हांची रांग झळकलेली मी पाहिली आहे. त्या वयोवृद्ध गृहस्थांनी हसून हात जोडले, पण संयोजकांचे चेहरे पाहवत नव्हते. युनिकोड फॉन्टही परक्या संगणकावर असेलच असे नाही. म्हणून स्लाइडची एक पीडीएफ प्रत सोबत नेलीच पाहिजे.

प्रकाशाचे गणितही सोपे आहे. प्रोजेक्टर काळा रंग फेकू शकत नाही. पडद्यावरचा काळा म्हणजे केवळ प्रकाशाचा अभाव. आपल्या सभागृहांच्या खिडक्यांतून उजेड येतो, पडद्याचा काळेपणा राखाडी होतो आणि गडद पार्श्वभूमीवरील फिकट अक्षरे विरून जातात. दिवसाच्या सभेत पांढऱ्यावर काळे हेच उत्तम. पांढऱ्यावर पिवळे कधीच नको. लाल आणि हिरवा यांवर भेद अवलंबून ठेवू नये. काही पुरुषांना ते दोन रंग निराळे दिसतच नाहीत. आलेखाच्या रेघेजवळच तिचे नाव लिहावे.

अक्षर पुरेसे मोठे आहे की नाही हे घरीच कळते. पडदा चार फूट उंच आणि शेवटची रांग तीस फुटांवर असेल, तर अंतर उंचीच्या साडेसात पट झाले. लॅपटॉपचा पडदा सुमारे सात इंच उंच असतो; त्यापासून साडेचार फूट मागे उभे राहून वाचून पाहावे. चष्मा लागत असेल तर घरातल्या वडीलधाऱ्यांना उभे करावे. जे वाचता येत नाही ते काढून टाकावे, लहान करू नये.

काढून टाकलेल्याचे काय करावे? ते कागदावर द्यावे. २००४ साली ॲमेझॉनचे प्रमुख जेफ बेझोस यांनी आपल्या वरिष्ठांच्या बैठकांतून पॉवरपॉइंट हद्दपार केले. त्याऐवजी काही पानांचे सलग लिहिलेले टिपण आणावे आणि बैठकीच्या प्रारंभी सर्वांनी ते शांतपणे वाचावे, अशी रीत तेथे रूढ झाली. टफ्टी यांचाही आग्रह छापील कागदाचाच. आपल्या मंडळांत हे सहज जमण्याजोगे आहे. जमाखर्च, सभासदांची यादी, घटनेतील दुरुस्तीचा मसुदा, ही कागदाची कामे. एका कागदाच्या दोन्ही बाजूंस चाळीस काय, ऐंशी ओळीही सुखाने मावतात, आणि तो कागद घरी नेऊन सावकाश वाचता येतो. जुनी छायाचित्रे, नकाशा, एखादी चढती-उतरती रेघ, ही पडद्याची कामे. सभेच्या मध्येच वीज गेली तर पडदा जातो. हाती कागद असला की खिडकीच्या उजेडात सभा पुढे चालू राहते.